२०१२ ची अ‍ॅक्टिव्हा : रेस दिली की आधी दबते, मग उचलते. कार्बोरेटरचं सेटिंग कसं करावं?

गोडोलीकर

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची अ‍ॅक्टिव्हा, १०९ सीसी, कार्बोरेटरवाली. बाबांनी नवी घेतली होती, आता माझ्याकडे आहे. ५८ हजार किलोमीटर झालेत.

त्रास असा आहे. उभ्या गाडीला एकदम रेस दिली की इंजिन 'हुंऽऽ' करून दबतं, अर्धा-एक सेकंद काहीच होत नाही आणि मग गाडी सुसाट निघते. मूठ हळूहळू पिळली तर काही जाणवत नाही. पण मला रोज सकाळी बॉम्बे रेस्टॉरंट चौकातून जावं लागतं. जिथे पटकन निघायला हवं नेमकी तिथेच गाडी मान टाकते. परवा आई मागे बसली होती, बाजूने ट्रक येत होता आणि चौकाच्या मध्यावर गाडी अशी दबली की पोटात गोळा आला. हे नीट केल्याशिवाय आईला गाडीवर बसवायचं नाही असं ठरवलंय.

एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी दोन मिनिटांत स्लो (मूठ सोडल्यावर इंजिन चालतं तो वेग) वाढवून दिला. आता मूठ सोडली तरी गाडी पुढे ओढते, ब्रेक धरून उभं राहावं लागतं. दबणं तसंच आहे. अ‍ॅव्हरेज ४२ वरून ३६ वर आलं. प्लग आणि एअर फिल्टर सहा महिन्यांपूर्वीच बदललेत.

मला स्वतः शिकून करायचंय. पाने, टेस्टर सगळं घरी आहे, घाई नाही. सुरुवात कुठून करू?

कास रोड रोज

कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा बाहेर घे. माझ्या डिओचं हेच होतं, लगेच सुटली. पाच मिनिटांचं काम आहे.

माहुलीचा फिटर

थांब रे, अजून स्क्रूला हात लावू नकोस. अर्धा आटा बाहेर, पण कुठून बाहेर? तुझा स्क्रू आत्ता कुठं उभा आहे हेच आपल्याला ठाऊक नाही. मी ३० वर्षं स्कूटर खोलतोय. स्क्रू फिरवून गाडी बिघडलेली जास्त बघितली, सुधारलेली कमी.

आधी साधी गोष्ट बघ. मूठ हाताने हलवून बघ, केबल ओढायला लागायच्या आधी किती रिकामी फिरते? कडेला २ ते ६ मिलिमीटर ठीक. त्याहून ढिली असेल तर तेवढा उशीर तुझ्या केबलचाच आहे, कार्बोरेटरचा नाही.

मग मला चार गोष्टी सांग. एक, दबणं गाडी थंड असताना की गरम झाल्यावरही? दोन, उतारावर मूठ सोडली की सायलेन्सर फटफट करतो का? तीन, गरम गाडीवर चोक थोडासा ओढून रेस दिलीस तर दबणं कमी होतं की वाढतं? चार, प्लग काढून त्याचा रंग बघ. काळा, पांढरा की बदामी?

तिसऱ्याचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. चोक म्हणजे जास्तीचं पेट्रोल. चोक ओढल्यावर गाडी सुधारली तर इंजिनला पेट्रोल कमी पडतंय. आणखी गुदमरली तर पेट्रोल आधीच जास्त आहे. खोलायच्या आधी एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

गोडोलीकर

काका, धन्यवाद. संध्याकाळी सगळं बघितलं. केबल ४ मिलिमीटरच्या आसपास आहे. दबणं गरम असतानाही होतं, थंड असताना जरा जास्त. मूठ सोडली की सायलेन्सर फट फट करतो, हे मी आधी लक्षातच घेतलं नव्हतं. चोक थोडा ओढला तर दबणं जवळजवळ जातं! प्लगचं टोक पांढुरकं आहे.

माहुलीचा फिटर

मग सरळ आहे. हवा जास्त, पेट्रोल कमी. गॅरेजच्या भाषेत लीन. आता एकतर पेट्रोलची वाट कुठंतरी बुजलीय, नाहीतर कुठून तरी हवा चोरून आत येतेय. दोन्हीही असू शकतं.

तुला शिकायचंय म्हणतोस म्हणून आतलं सांगतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलला एकच वाट नसते. मूठ बंद असते तेव्हा पेट्रोल स्लो जेटमधून (जेट म्हणजे बारीक भोकाचा पितळी तुकडा) येतं आणि बटरफ्लायच्या, म्हणजे मुठीनं उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या पुढे, इंजिनच्या बाजूला, एका बारीक भोकातून निघतं. सेटिंगचा स्क्रू त्याच भोकावर बसलेला असतो. बटरफ्लायच्या पात्याच्या काठाशी आणखी बारीक भोकं असतात, त्यांना आम्ही बायपास म्हणतो. मूठ थोडी उघडली की पात्याचा काठ त्या भोकांवरून सरकतो आणि तिथूनही पेट्रोल यायला लागतं. त्यानंतर वरचा पिस्टन इंजिनच्या ओढीनं उचलला जातो, त्याला लावलेली सुई वर येते आणि मेन जेटचं काम सुरू होतं.

तुझी गाडी दबते ती पहिल्या वाटेवरून दुसऱ्या वाटेवर जाताना. एकदम मूठ पिळली की हवा लगेच धावते, पेट्रोल जड असतं ते मागं राहतं. त्या क्षणाला बायपासनं सांभाळून घ्यायचं असतं. तुझ्या गाडीत ते सांभाळलं जात नाही.

आणि स्लो वाढवून दिला त्यानं काय झालं बघ. स्लोचा स्क्रू बटरफ्लायलाच ढकलून थोडी उघडी ठेवतो. म्हणजे बायपासची भोकं गाडी उभी असतानाच उघडी पडली. जे पेट्रोल मूठ पिळताना कामाला यायचं ते आधीच खर्च होतंय. आवाज मोठा आला, गिऱ्हाइकाला बरं वाटलं, पण दबायचं तसंच राहिलं. वर क्लच अर्धवट धरतो म्हणून गाडी ओढते आणि क्लचचे शूजही झिजतात.

कास रोड रोज

काका, हे एवढं मला माहीत नव्हतं. मी माझा स्क्रू किती आटे बाहेर आहे ते कधी मोजलंच नाही. उद्या मोजतो.

मिरजकरीण

माझी अ‍ॅक्सेस १२५ आहे, २०१४ ची. सांगलीत नोकरीला रोज मिरजेहून जाते. माझ्याही गाडीचा पिकअप गेला होता, पण थोडा वेगळा. निघताना ठीक, ४० च्या पुढे मात्र मूठ कितीही पिळा, गाडी वर जायचीच नाही. कार्बोरेटरचं वरचं झाकण काढलं तर पिस्टनच्या काळ्या रबरी डायफ्रामला बारीक चीर होती. उजेडासमोर ताणून धरला तेव्हाच दिसली. दुकानात 'पूर्ण कार्बोरेटरच घ्या' म्हणाले. मी आणखी दोन ठिकाणी फिरले, तिसरीकडे नुसता पिस्टन-डायफ्राम मिळाला.

दादा, तुम्ही खोलणारच असाल तर तोही बघून घ्या. आणि कळकळीनं सांगते, कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे त्या रबरावर मारू नका. रबर फुगतं, मग ते खाचेत बसतच नाही. आधी डायफ्राम काढून बाजूला ठेवायचा, मगच स्प्रे.

माहुलीचा फिटर

ताई, अगदी बरोबर सांगितलंत. बसवतानाही रबराची कड खाचेत सगळीकडून बसलीय का बघायचं, झाकणाखाली चिमटली की नवा डायफ्रामही फुकट. याची गाडी एकदा उचलल्यावर सुसाट जाते म्हणतोय, म्हणजे डायफ्राम बहुतेक शाबूत असणार. पण झाकण काढायला वेळ लागत नाही, बघून घे रे.

प्रीतिसंगम

कराडहून. एक मुद्दा कुणी घेतला नाही. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. २०१२ ची गाडी त्यासाठी बनलेलीच नाही. पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पटच पुरते. म्हणजे जेट तोच, भोक तेवढंच, पण मिश्रण आपोआप लीन पडतं. इंजेक्शनच्या गाड्या सेन्सरवरून थोडंफार जुळवून घेतात, आपला कार्बोरेटर बिचारा काय जुळवणार? मला तर वाटतं सगळा दोष यातच आहे आणि मेन जेट एक नंबर मोठा टाकणं हाच उपाय.

इथेनॉलला माझा विरोध नाही. माझा स्वतःचा ऊस कारखान्याला जातो. पण जुन्या गाडीवाल्याला हे कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं होतं.

माहुलीचा फिटर

तुमचं गणित बरोबर आहे, उपाय पटत नाही. मेन जेटचं काम मूठ पाऊण उघडल्यानंतरचं. याचं दबणं पहिल्या पाव मुठीत आहे. मेन जेट मोठा टाकला तर दबायचं तसंच राहील आणि वर ढाब्याएवढा धूर होईल. इथेनॉलसाठी सेटिंगच्या स्क्रूवर थोडा बाहेर हात द्यावा लागतो, तेवढं मी मान्य करतो.

इथेनॉलचा खरा त्रास मला दुसरीकडं दिसतो. ते पाणी ओढतं. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली की फ्लोटच्या वाटीत (कार्बोरेटरच्या खालची पेट्रोल साठायची वाटी) तळाला पाण्याचे मणी सापडतात, आणि स्लो जेटच्या भोकाला पांढरी-हिरवी पुटं चढतात. पूर्वीही चिकटा यायचा, आता जरा लवकर येतो. गोडोलीकर, तुझी गाडी मध्ये उभी होती का?

गोडोलीकर

हो काका. बाबा आजारी होते तेव्हा जवळजवळ तीन महिने घरासमोर उभीच होती. टाकीत पेट्रोल तसंच होतं.

जुनी प्रिया

थोडं विषयाला सोडून, पण राहवत नाही. माझ्याकडे अजून प्रिया स्कूटर आहे. आपल्या साताऱ्यातच महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात बनलेली, सरकारचं विकास महामंडळ आणि बजाज यांनी मिळून १९७५ मध्ये काढलेली कंपनी. तिच्या कार्बोरेटरला डायफ्राम वगैरे नाही, मुठीची केबल थेट स्लाइडलाच उचलते. त्यामुळे मूठ एकदम पिळली की दबणारच, नवी असतानाही दबायची. वडिलांनी मला गाडी शिकवताना पहिलं वाक्य सांगितलं होतं, 'मूठ पिळायची नाही, उघडायची.' डायफ्रामवाल्या कार्बोरेटरमध्ये इंजिन ओढेल तेवढाच पिस्टन वर येतो, म्हणून तो सोपा वाटतो.

पण स्लो जेटचा नियम दोन्हीकडे एकच. प्रियाचा जेट मी दर पावसाळ्यानंतर काढून फुंकतो.

माहुलीचा फिटर

प्रिया जपून ठेवा साहेब. तिच्यावरच आमचा हात बसला.

गोडोलीकर, आता काम सांगतो. रविवारी सकाळी कर, उघड्यावर, घरात नाही. जवळ शेगडी, उदबत्ती, सिगारेट काही नको.

सगळ्यात आधी, गाडी न खोलता सेटिंगचा स्क्रू हळूच आत फिरव आणि आटे मोज. पाव आटासुद्धा मोज. तळाला टेकला की लगेच थांब, घट्ट आवळायचा नाही. त्याचं टोक सुईसारखं असतं, दाबलंस तर समोरचं भोक मोठं होतं आणि तो कार्बोरेटर पुन्हा कधी नीट लागत नाही. मोजलेला आकडा कागदावर लिही. हा स्क्रू इंजिनच्या बाजूला आहे, म्हणजे बाहेर घेतला की पेट्रोल वाढतं. ज्या कार्बोरेटरला स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो तिथं उलटं, तो हवा सोडतो, बाहेर घेतला की लीन. अर्धी मंडळी इथंच चुकतात.

मग फ्लोटच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल काचेच्या बाटलीत घे. तळाला पाणी दिसतं का बघ. कार्बोरेटर उतरवलास की वाटी काढ, स्लो जेट बरोबर बसणाऱ्या टेस्टरनं सोड. पितळ मऊ असतं, मोठा-छोटा टेस्टर लावला की खाच जाते. जेट उजेडाकडं धरून बघ. गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली किंवा काहीच दिसलं नाही तर चोर सापडला.

आता कान देऊन ऐक. त्यात क्लचच्या केबलची तार घालू नकोस. आम्ही सगळ्यांनी घातलीय, मी पण घातलीय, आणि कितीतरी जेट वाया घालवलेत. स्टीलची तार पितळाला खाते. क्लीनरमध्ये रात्रभर बुडवून ठेव, मग पंक्चरवाल्याकडून हवा मार. नाहीच निघालं तर टूथब्रशचा एक नायलॉनचा केस पुरतो. तरीही नाही निघालं तर नवा जेट घे, नंबर जुनाच. जेटच्या मागच्या वाटा आणि बायपासची भोकंही हवेनं साफ कर. एका भोकातून फुंकलं की दुसरीकडून यायला हवं.

सेटिंगच्या स्क्रूवर स्प्रिंग, बारीक वॉशर आणि बारीक ओ-रिंग असते, याच क्रमानं. ओ-रिंग बऱ्याचदा भोकातच चिकटून राहते आणि पुढचा माणूस ती विसरतो. ओ-रिंग नसेल तर आट्यांतून हवा शिरते.

बसवताना इंजिनच्या बाजूची ओ-रिंग हाताळून बघ. चपटी, कडक झाली असेल तर बदल. सगळं बसवून गाडी चालू कर आणि त्या सांध्यावर साबणाचं पाणी ब्रशनं सोड. इंजिनचा आवाज बदलला तर तिथून हवा ओढतेय. काहीजण पेट्रोल शिंपडून बघतात, ते अजिबात करायचं नाही.

सेटिंग मागाहून सांगतो. आधी एवढं कर.

कास रोड रोज

मधेच एक प्रश्न. माझी डिओ साताऱ्यात मस्त चालते, पण यवतेश्वरचा घाट चढून कासला पोचेपर्यंत जड वाटते. घाटासाठी मोठा जेट टाकू का?

प्रीतिसंगम

उलट. मेन जेटवरून काकांनी माझी चूक काढली म्हणून परत वाचलं. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, कासचं पठार बाराशेच्या आसपास. दर १०० मीटरला हवा साधारण एक टक्का विरळ होते. म्हणजे वर गेल्यावर हवा कमी, पेट्रोल तेवढंच, मिश्रण रिच होतं, लीनच्या उलट. मोठा जेट टाकलास तर आणखी गुदमरेल. थोडी ताकद तर विरळ हवेमुळे जाणारच, ती कुठल्याही जेटनं परत येत नाही.

माहुलीचा फिटर

बरोबर. आणि घाटात इंजिनचा आवाज चढतोय पण गाडी त्या मानानं पुढं जात नाही, असं असेल तर कार्बोरेटर सोड आणि बेल्ट, रोलर, क्लचचे शूज बघ. रोलर एका बाजूनं चपटे झाले की गाडी अशीच आळशी होते.

गोडोलीकर

रविवारचा सगळा हिशोब देतो.

स्क्रू मोजला. जेमतेम पाऊण आटा बाहेर होता. म्हणजे कुणीतरी पेट्रोल कमी केलं होतं आणि ते झाकायला स्लो वाढवला होता. बाटलीत तळाला पाण्याचे चार-पाच मणी निघाले. स्लो जेट उजेडाकडे धरला आणि काका, अगदी तुम्ही म्हणालात तशी चंद्रकोर! खालचं अर्धं भोक हिरवट पुटानं बुजलेलं. रात्रभर बुडवून, हवा मारून स्वच्छ गोल ठिपका आला. तो ठिपका मी आईलाही दाखवला.

डायफ्राम चांगला आहे, ताई. स्प्रे मारायच्या आधी काढून ठेवला होता. स्क्रूची ओ-रिंग जागेवर होती. इंजिनच्या बाजूची मात्र चपटी होऊन एका जागी तुटलेली, नवी टाकली. साबणाच्या पाण्यानं आता आवाज बदलत नाही.

सध्या स्क्रू दोन आटे बाहेर ठेवलाय, अंदाजानं. आताच फरक पडलाय. फटफट थांबली. पुढचं सांगा.

माहुलीचा फिटर

शाब्बास. आता गाडी १५ मिनिटं चालवून आण. थंड गाडीवर केलेलं सेटिंग गरम झाल्यावर टिकत नाही. मधल्या स्टँडवर लाव. पहिल्यांदा स्लो कमी कर, इंजिन बंद न पडता चालेल इतका. मग सेटिंगचा स्क्रू पाव-पाव आटा बाहेर घे, प्रत्येक वेळी दहा सेकंद थांब, कान दे. आवाज चढत जाईल, एका जागी चढायचा थांबेल, पुढं घेतलास तर जड होऊन पडायला लागेल. जिथं सगळ्यात वर होता तिथं परत ये. आवाज वाढलेला असेल, तो स्लोच्या स्क्रूनं खाली आण. पुन्हा सेटिंगचा स्क्रू पाव आटा इकडंतिकडं करून तपास. दोन-तीन फेऱ्यांत दोन्ही स्क्रू जुळतात. टॅकोमीटर मिळाला तर १७०० च्या आसपास ठेव. नाही मिळाला तर मूठ सोडल्यावर मागचं चाक जवळजवळ थांबलं पाहिजे.

शेवटी मूठ एकदम उघडून सोड. आधी दबून मग उचलली तर अजून पाव आटा बाहेर. उचलली, पण मूठ सोडल्यावर आवाज स्लोच्याही खाली जाऊन मग सावरला, तर जास्त बाहेर गेलाय, थोडा आत.

गोडोलीकर

दोन आटे आणि पाव, इथे सगळ्यात चांगली बसली. मूठ उघडली की लगेच निघते, मध्ये काही नाही. स्लो इतका खाली आलाय की सिग्नलला गाडी शांत उभी राहते, ओढत नाही.

एकच उरलंय. सकाळी थंड असताना पहिली दोन मिनिटं किंचित दबते.

माहुलीचा फिटर

पहिली दोन मिनिटं सोड, चोकचं काम तेच आहे. पण ५८ हजारात टॅपेट (व्हॉल्व्हची फट) कधी बघितलेत? व्हॉल्व्ह घट्ट झाले तरी सकाळी असंच होतं. इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेजनं (फट मोजायच्या पट्ट्यांनी) बघायचं, माप कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलंय तेच धर. तेवढं मात्र गेज हातात असलेल्या माणसाकडूनच करून घे.

गोडोलीकर

टॅपेट करून घेतले. एक्झॉस्टचा घट्ट निघाला. सकाळचं दबणंही गेलं. टाकी फुल ते फुल मोजली, अ‍ॅव्हरेज ४३. काल आईला मागे बसवून यवतेश्वरला जाऊन आलो. बॉम्बे रेस्टॉरंट चौकात थांबलो, मोकळं दिसल्यावर मूठ उघडली आणि सरळ पार. आईनं विचारलं, 'गाडी नवी घेतलीस का?'

काका, तुमच्यासाठी कंदी पेढे ठेवलेत. माहुलीला कुठे येऊ, निरोपातून कळवा.

विट्याचा नवखा

धागा आत्ता वाचला. माझ्या २०१६ च्या डिओचं असंच होतंय, पण चोक ओढला की अजून गुदमरते आणि प्लग काळा आहे. मीपण स्क्रू दोन आटे आणि पाव करू का?

गोडोलीकर

नको भावा, तो आकडा माझ्या गाडीचा आहे. तुझ्याकडे पेट्रोल जास्त होतंय, माझ्या उलट. आधी एअर फिल्टर काढून बघ, मग चोक पूर्ण मागे जातो का आणि वाटीतली फ्लोटची सुई झिजलीय का ते तपास. स्क्रू आत फिरवून किती आटे बाहेर होता ते मोज आणि इथे लिही. टेकला की थांब, आवळू नकोस.